खुली बंदिश आणि तिचे राखणदार

विद्या दिल्याने वाढते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. परंतु दरबारी गवयांच्या घरांत हा नियम फारसा पाळला जात नसे. खास चीज घरच्या मुलाला मिळावयाची. बाहेरच्या शिष्याला अस्ताई मिळाली तरी अंतरा मिळेलच असा भरवसा नसे. चीज हीच गवयाची मिळकत, तेव्हा त्यास सर्वस्वी दोष देता येणार नाही. तथापि कित्येक चीजा धन्याबरोबरच गेल्या, हेही खरे. पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी गावोगाव फिरून ज्या मिळविल्या आणि ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत स्वरलिपीसह छापल्या, त्या आज कोणाही विद्यार्थ्यास खुल्या आहेत.

देण्याराखण्याचा हाच प्रश्न संगणकाच्या क्षेत्रातही उभा राहिला. बाजारातून घेतलेले बहुतेक सॉफ्टवेअर म्हणजे ग्रामोफोनची तबकडी: ऐकता येते, बदलता येत नाही. ‘ओपन सोर्स’ म्हणजे तबकडीबरोबर नोटेशनही हाती देणे. वाचा, सुधारा, दुसऱ्यास द्या. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली या विचाराने ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला. १९९१ साली हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टोर्वाल्ड्स याने ‘लिनक्स’ लोकांपुढे ठेवले. आपल्या खिशातील अँड्रॉइड फोनच्या तळाशी तेच लिनक्स आहे.

अशा कामात हातभार लावावयाचा तो कसा? कोणी दोष दाखवितो, कोणी तो दुरुस्त करून पाठवितो, कोणी माहितीपत्रक लिहितो, कोणी भाषांतर करतो. आलेली दुरुस्ती प्रकल्पाचा सांभाळ करणारा माणूस तपासतो, प्रश्न विचारतो, पटली तरच घेतो. कोणी काय बदलले याची नोंद कायम राहते. येथे घराणे विचारले जात नाही. काम पाहिले जाते.

परंतु दार उघडे ठेवले की राखणही करावी लागते. ‘एक्सझेड’ नावाचे, माहिती दाबून लहान करणारे एक साधन जगभरच्या असंख्य संगणकांत आहे. त्याचा सांभाळ फिनलंडमधील एक गृहस्थ फावल्या वेळात, विनावेतन करीत असत. २०२१ पासून ‘जिआ टॅन’ या नावाने कोणी मदतीस आले. काम नीट, बोलणे मर्यादेचे. इतर काही नावांनी त्या गृहस्थांमागे तगादा लागला, की कामाला उशीर होतो, दुसऱ्याच्या हाती सोपवा. हळूहळू अधिकार मिळाले, आणि २०२४ च्या आरंभी त्या साधनात एक चोरवाट बसविली गेली.

ती पकडली आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने. संगणकात दुरून प्रवेश करताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढेच त्यांस खटकले. सम किंचित उशिरा पडली तर जाणत्या तबलजीची मान वळते, तसेच हे. त्यांनी शोध घेतला आणि २९ मार्च २०२४ रोजी सर्व उघड केले. बिघडलेली आवृत्ती तोवर मुख्यतः चाचणीसाठीच्या वाटपांतच गेली होती. मोठा अनर्थ टळला.

यावरून कोणी म्हणेल, दार बंदच ठेवावे. मला उलटे वाटते. नोटेशन उघडे होते म्हणूनच शंका आलेल्या माणसास ते चाळता आले. दोष होता तो एकट्या माणसावर भार टाकून बाकीच्यांनी फुकट वापरण्याचा. भातखंड्यांची पुस्तके आपण सारे वापरतो. त्यांतील छापाची चूक पुढच्या आवृत्तीसाठी कळविणारे किती?

लिब्रेऑफिस, फायरफॉक्स ही मुक्त साधने आज मराठीतही मिळतात. त्यांत एखादा शब्द बोजड वाटला, जोडाक्षर फुटलेले दिसले, तर नाक मुरडून गप्प बसू नये. ज्याला संगणकाची आज्ञावली लिहिता येत नाही, त्यालाही शुद्ध मराठी लिहिता येते, आणि त्या कामास माणसे हवी आहेत. पिढ्यान्‌पिढ्या परमुलुखात राहून ज्यांनी आपली भाषा जपली, त्या घरांना हे काम अवघड जाऊ नये.