गोठलेल्या सरोवरावरील मासेमारी

उत्तर अमेरिकेतील मोठ्या सरोवरांच्या परिसरात, तसेच फिनलंड आणि सैबेरियात, हिवाळ्यात पाणी गोठले म्हणजे मासेमार बर्फावरून चालत आत जातात, गिरमिटाने वीतभर रुंद भोक पाडतात आणि त्यातून गळ सोडून बसतात. पाण्याची घनता 4 अंश सेल्सिअसला सर्वाधिक असल्यामुळे तळाशी तेवढी ऊब टिकते व मासे जगतात. वर बसलेल्या माणसाचे भवितव्य मात्र बर्फाच्या जाडीवर अवलंबून असते.

एका माणसाला चालण्यासाठी स्वच्छ, निळसर बर्फाचा निदान 10 सेंटिमीटर जाड थर हवा. हिम मिसळून झालेला पांढरा बर्फ सुमारे निम्म्याच ताकदीचा असल्याने तो दुप्पट जाड असावा लागतो. एका ठिकाणची जाडी पाहून भागत नाही. झरे व ओढ्यांची मुखे यांजवळ थर अचानक पातळ होतो. म्हणून अनुभवी माणूस पहारीने समोरचा बर्फ ठोकीत पुढे सरकतो.

पण जाड बर्फही दगा देतो. फेब्रुवारी 2009 मध्ये ईरी सरोवराच्या ओहायोकडील किनाऱ्यानजीक बर्फाला भेग पडली होती. तिच्यावर लाकडी फळ्यांचा पूल टाकून मासेमार पलीकडे गेले. दक्षिणेकडील वारा वाढताच तो प्रचंड तुकडा किनाऱ्यापासून सुटला. शंभराहून अधिक जणांना हेलिकॉप्टर व बोटींनी सोडवावे लागले. एकाचा मृत्यू झाला. बर्फ पुरेसा जाड होता, वाऱ्याची दिशा मात्र कोणी विचारात घेतली नव्हती.

पाण्यात पडलेला माणूस थंडीने तत्काळ मरतो, ही समजूत चुकीची आहे. कॅनडातील संशोधक गॉर्डन गीस्ब्रेख्ट यांच्या मते पहिले एक मिनिट श्वास आवरण्याचे असते, पुढची सुमारे दहा मिनिटे हातपाय कामी येतात आणि शुद्ध हरपण्यास जवळजवळ एक तास लागतो. तेव्हा धडपड न करता प्रथम श्वास सावरावा. मग आलो त्याच दिशेला वळावे, कारण तिकडच्या बर्फाने आपले वजन पेललेले असते. गळ्यात अडकवलेल्या खिळ्यांच्या मुठी बर्फात रोवून, पाय मारीत शरीर आडवे करावे व वर सरकावे. वर आल्यावर उभे न राहता लोळतच दूर जावे.

सोबत्याने धावत कडेपाशी जाऊ नये. दोर किंवा लांब काठी दुरूनच पुढे करावी. वर काढलेल्याचे ओले कपडे उतरवून त्याला कोरड्या पांघरुणात गुंडाळावे. त्याचे अंग चोळू नये, आणि ऊब येईल म्हणून मद्य तर मुळीच देऊ नये. त्याने कातडीकडील रक्तवाहिन्या रुंदावून उरलेली उष्णताही निघून जाते.

याखेरीज खोपटातील शेगडी हाही एक धोका आहे. दार घट्ट लावले, की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो. डोके दुखू लागले, की आधी बाहेर पडावे.