कालिंपोंगची फुले आणि दुर्पिनचा मठ

दार्जिलिंगला जाणारे प्रवासी कालिंपोंगला बहुधा धावती भेट देतात. आपण मात्र येथे दोन दिवस तरी मुक्काम करावा. तिबेटी लोकर लादलेले खेचरांचे तांडे पूर्वी जेलेपची खिंड ओलांडून या गावी येत. 1962 च्या चीन युद्धानंतर ती वाट बंद पडली. आज हे गाव फुलांसाठी प्रसिद्ध आहे. डोंगरउतारावरील रोपवाटिकांत ग्लॅडिओलसचे कंद आणि सिंबिडियम जातीची ऑर्किडे जोपासली जातात. ती वसंतात पाहावीत. तोडलेला तुराही दोन-तीन आठवडे टवटवीत राहतो. निवडुंगे पाहण्यासाठी इतक्या दूर का यावे, अशी शंका कोणासही येईल. रोपवाटिकेतील त्यांचे नाना आकार दृष्टीस पडले की ती उरत नाही.

तेथून दुर्पिन टेकडीवरील मठाकडे वळावे. 1976 मध्ये दलाई लामांच्या हस्ते त्याची प्रतिष्ठापना झाली. बुद्धवचनांचा संग्रह असलेल्या कांग्यूर ग्रंथाचे तिबेटातून आणलेले 108 खंड येथे जतन केले आहेत. भित्तिचित्रे मात्र सावकाश पाहावीत. बाहेर आल्यावर आकाश निरभ्र असेल, तर उत्तरेस कांचनगंगेची शिखरे दिसतात, आणि ईशान्येस, निळसर डोंगररांगांपलीकडे, तीच जेलेपची खिंड.