परदेशीं घर घेतांना : किंमतीपलीकडचा हिशोब

‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली, त्याचें घर बहुधा स्वतःच्याच गांवीं असावें. सातासमुद्रांपलीकडे घर घेणाऱ्यास आणखी काय काय पाहावें लागतें, याचा अनुभव गेल्या वर्षीं आमच्या कुटुंबास आला. ज्यांचीं मुलें परदेशीं स्थिरावलीं आहेत अशा अनेक घरांत आज हा विषय निघतो. म्हणून आमचा हिशोब वाचकांपुढें मांडीत आहों.

आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव चार वर्षें लंडनमध्यें नोकरीस आहेत. अद्याप अविवाहित आहेत. पगाराचा मोठा भाग भाड्यांत जातो हें पाहून तेथें तीन लाख पौंडांचा एक लहानसा फ्लॅट घ्यावा, असें ठरलें. कोकणांतील जमीन विकून आलेले एक कोटि रुपये आम्हां दोघां बंधूंनीं द्यावे, बाकीचें कर्ज चिरंजीवांनीं तेथील बँकेकडून काढावें, आणि घरावर तिघांचीं नांवें असावीं, अशी योजना होती. नांवांचा आग्रह आमचा. वडिलोपार्जित जमिनीचा पैसा एकाच्याच नांवें कसा जाऊं द्यावा ?

आम्हीं कागदावर किंमत लिहिली आणि अंदाजपत्रक झालें असें समजलों. आमच्या स्नुषा बँकेंत अधिकारी आहेत. त्यांनीं कागद पाहिला आणि विचारलें, ‘मामंजी, ही किंमत झाली, खर्च कुठें आहे?’ मग त्यांनीं तीन रकाने आंखले : जो परत येत नाहीं तो खर्च, जो अडकून पडतो तो, आणि जो दरवर्षीं दाराशीं येतो तो.

पहिल्या रकान्यांत मुख्य बाब कराची. इंग्लंडांत घरखरेदीवर आपल्या मुद्रांकशुल्कासारखा कर आहे. (स्कॉटलंड व वेल्स येथील कर निराळे.) एप्रिल २०२५ पासून सामान्य खरेदीदारास पहिल्या १,२५,००० पौंडांवर कांहीं नाहीं, पुढील १,२५,००० वर शेंकडा २, आणि त्यापुढें ९,२५,००० पर्यंत शेंकडा ५ द्यावे लागतात. म्हणजे तीन लाखांच्या घरास ५,००० पौंड. परंतु खरेदीदारांपैकीं एकाचाहि जगांत कोठें दुसऱ्या घरांत ४०,००० पौंड वा अधिक मोलाचा वाटा असेल, तर साऱ्या किंमतीवर आणखी शेंकडा ५ पडतात. आणि एकजण जरी तेथील रहिवासी नसेल, तर आणखी शेंकडा २. आम्हां बंधूंचें पुण्यास घर आहे आणि राहणेंहि येथेंच. त्यामुळें वरचे २१,००० मिळून कर २६,००० पौंड झाला. पौंडास १२० रुपये भाव धरला तर ३१,२०,००० रुपये !

उलट चिरंजीवांनीं एकट्यानें, स्वतः राहावयास, आयुष्यांतील पहिलेंच घर घेतलें, तर तीन लाख पौंडांपर्यंत हा कर मुळींच नाहीं. मात्र पूर्वीं जगांत कोठेंहि त्यांच्या मालकीचें घर नसावें. पुण्याच्या घराच्या कागदांवर कौतुकानें त्यांचें नांव घातलें असतें, तर ही सवलत गेली असती. वाडवडिलांच्या घरांतील हक्काची गोष्टहि वकिलांपुढें आधींच स्पष्ट करावी.

याच रकान्यांत वकिलांची फी, दप्तरांचा शोध, घराची तपासणी, नोंदणी आणि कर्जाची फी येते. तेथें करारपत्रांची अदलाबदल होईपर्यंत कोणताच पक्ष बांधला जात नाहीं. तोंवर व्यवहार मोडला तर झालेला खर्च बहुधा बुडालाच.

दुसरा रकाना आपल्या देशांतील. रिझर्व्ह बँकेच्या योजनेनें एका व्यक्तीस आर्थिक वर्षांत अडीच लाख डॉलर बाहेर पाठवितां येतात. परंतु घरासाठीं वा देणगी म्हणून पाठविलेल्या रकमेपैकीं दहा लाख रुपयांवरील भागावर बँक शेंकडा २० कर आधींच गोळा करते. एकानेंच कोटि पाठविले तर अठरा लाख अडकतात. दोघांनीं अर्धे अर्धे पाठविले तर सोळा. आणि दोघांनींहि मार्च व एप्रिल अशीं दोन आर्थिक वर्षें साधलीं तर बारा. हा पैसा विवरणपत्र भरल्यावर आयकरांत वळता होतो किंवा परत मिळतो. पण तोंवर तो हाताशीं असावा लागतो. शिवाय बँक पौंड कोणत्या भावानें देते तें दोन-तीन ठिकाणीं विचारावें.

तिसऱ्या रकान्यांत नगरकर, विमा आणि इमारतीच्या देखभालीची वर्गणी. तेथील फ्लॅट बहुधा दीर्घ मुदतीच्या पट्ट्यानें विकले जातात. म्हणून पट्ट्याचीं किती वर्षें उरलीं हें अवश्य पाहावें. जून २०२२ अखेरपासून झालेल्या बहुतेक नव्या पट्ट्यांना भुईभाडें नाहीं, जुन्यांना असूं शकतें.

‘चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला’ ही म्हण आमच्या शाकाहारी घरांतहि त्या दिवशीं सर्वांस आठवली. आमच्या दोन नांवांपायीं सव्वीस हजार पौंड जाणार होते, म्हणून तीं काढावीं असें ठरलें. पण मग चिरंजीवांच्या बँकेनें एक पत्र मागितलें : ही रक्कम देणगी आहे, ती परत मागणार नाहीं, आणि घरांत आमचा कोणताहि हक्क नाहीं. पत्रांत एक लिहावें आणि मनांत वाटा धरावा, ही तडजोड खोटी, आणि कायद्यानेंहि अंगाशीं येणारी. दोन दिवस आम्हीं लेखणी उचलली नाहीं.

तिसऱ्या दिवशीं बंधु म्हणाले, ‘दादा, तुमच्या पगारावर मी शिकलों. तेव्हां तुम्हीं माझ्याकडून कोणता कागद लिहून घेतला होता ?’ आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. आम्हीं सही केली.

मात्र सहीपूर्वीं एक केलें. दोन्ही बंधूंच्या आजारपणासाठीं वीस लाख बाजूस काढले, ऐंशीच दिले, आणि चिरंजीवांनीं थोडा लहान फ्लॅट पाहिला. जें दिलें तें परत येणार नाहीं असें समजूनच द्यावें, आणि म्हणून आपलें म्हातारपण आधीं वेगळें ठेवावें. वाचकांपैकीं कोणी असा बेत करीत असतील, तर त्यांनीं तीन रकाने आधीं भरावे आणि नांव कोणाचें हें जेवणाच्या पानावर सर्वांदेखत ठरवावें; आम्हांस तें उशिरा सुचलें.