यादी साठ हजारांची

साडी घेताना आपण काय करतो? पदर बघतो, काठ बघतो आणि मग हळूच उलटी करून मागची बाजू बघतो. कुकर घेताना रिंग आणि शिट्टी पुढे कुठे मिळेल, ते विचारतो. पण कॉम्प्युटर म्हटला की आपण बायका दोन पावलं मागे सरकतो. ‘ते यांना कळतं’, ‘ते मुलगा बघेल’ असं म्हणून मोकळ्या होतो. त्यातून तो गेम खेळायचा कॉम्प्युटर असेल तर मग विचारायलाच नको!

आमच्या घरी मात्र तो मुलाला नाही, मुलीला हवा होता. मे २०२५ मध्ये तिचा बारावीचा निकाल लागला. पुढे ॲनिमेशन शिकायचं, हे तिचं कधीचंच ठरलेलं. दिवसा ब्लेंडरवर काम करायचं (त्रिमिती चित्रं बनवायचं, हलवायचं हे सॉफ्टवेअर चक्क फुकट मिळतं!) आणि रात्री तासभर मैत्रिणींबरोबर गेम खेळायचा. दोन्ही गोष्टी तिने एका दमात, काही न लपवता सांगितल्या. शेजारच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन दोन वर्षांत तिने साठवले होते २२ हजार. आजोबांनी दिले १०. उरलेले २८ माझ्या भिशीचे. एकूण साठ हजार. “यापुढे एक रुपया मिळणार नाही,” असं यांनी बजावलं.

सासूबाईंचं म्हणणं वेगळंच. “एवढ्या पैशात अर्ध्या तोळ्याचं काहीतरी झालं असतं. मुलीच्या जातीला गेम कशाला? जुगारच तो!”

त्यांची भीती मी हसण्यावारी नेली नाही. डोंबिवलीच्या टोकाला असलेल्या वस्तीत मी बचत गटांचं काम करते. मोबाइलवर रमी खेळून सिलिंडरचे पैसे घालवणारे नवरे मी पाहिलेत आणि हप्ता का चुकला हे सांगताना मान खाली घालणाऱ्या त्यांच्या बायकाही. पण पैसे लावून खेळणं वेगळं आणि खेळ म्हणून खेळणं वेगळं. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने कायदाच केला. पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर त्यात बंदी आली आणि ई-स्पोर्ट्सना मात्र वेगळं काढून मान्यता मिळाली. तरीही आम्ही घरात एक नियम केला. साध्या गेममध्येसुद्धा नवा पोशाख, नवं हत्यार असं पैसे मोजून विकत घेता येतं. म्हणून कोणत्याही गेमच्या खात्यात कोणाचंही बँकेचं कार्ड जोडून ठेवायचं नाही. सासूबाईंना हा नियम पटला. कॉम्प्युटर अजून पटायचा होता.

“लॅपटॉप का नको?” हा यांचा प्रश्न. लेकीने कागद घेऊन समजावलं. त्याच पैशातल्या लॅपटॉपमध्ये सगळं दाटीवाटीने बसवलेलं असतं, तो लवकर तापतो, म्हणून त्याच्या ग्राफिक्सला मोकळेपणाने काम करता येत नाही. शिवाय एखादा भाग बदलायचा म्हटलं तर बरेचसे भाग चिकटवलेले. सुटे भाग घेऊन जोडला, तर प्रत्येक भाग आपण निवडतो, प्रत्येकाची वॉरंटी वेगळी मिळते आणि चार वर्षांनी हवा तो एकच बदलता येतो.

मैत्रिणींनो, मी मराठी साहित्य घेऊन बी. ए. झालेली बाई. मला ते भाग कळायला माझीच भाषा लागली. प्रोसेसर म्हणजे स्वयंपाक करणारी. रॅम म्हणजे ओटा. जेवढा मोठा तेवढी भांडी एकदम मांडता येतात. एसएसडी म्हणजे कोठीची खोली. मदरबोर्ड म्हणजे ज्यावर हे सगळं उभं राहतं ते स्वयंपाकघर. आणि ग्राफिक्स कार्ड? ती पंगतीच्या दिवशी बोलावलेली वाढपी मंडळी. रोजच्या वरणभातासाठी त्यांची गरज नाही, पण गेम म्हणजे रोजची हजार पानांची पंगत! म्हणून अशा कॉम्प्युटरमध्ये साधारण एकतृतीयांश पैसा एकट्या त्या कार्डावर जातो.

तिची यादी अशी झाली. सहा कोअरचा रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर ९ हजारांना, मदरबोर्ड ७ हजारांना. आठ-आठ जीबीच्या दोन रॅम मिळून ३,२०० रुपये. एकच सोळाची का नाही? तर दोन पट्ट्या असल्या की माहितीची ने-आण दोन वाटांनी होते. एक टीबीची एसएसडी साडेचार हजार, पॉवर सप्लाय ४ हजार, पंख्यांसकट कॅबिनेट ३ हजार, चोवीस इंची मॉनिटर ८ हजार, कीबोर्ड-माउस १,३००. ग्राफिक्स कार्डासाठी उरले बरोबर २० हजार.

हा प्रोसेसर २०२२ सालचा. तो ज्या मदरबोर्डात बसतो, ती जात तर त्याहून जुनी. २०२२ मध्येच त्या कंपनीची नवी जात आली, पण तिला डीडीआर-५ ही नवी, महाग रॅमच लागते. “जुनी घेतली तर पुढे वाढवायला जागा कमी, नवी घेतली तर आत्ता कार्डाचे पैसे कमी पडतात,” लेक म्हणाली. तिने विचार करून जुनी घेतली. वीसेक हजारांनी कमी पैसे असते, तर ५६००जी नावाचा प्रोसेसर घेऊन कार्डाशिवायही सुरुवात करता आली असती. त्यात थोडं ग्राफिक्स अंगचंच असतं, साधे गेम चालून जातात आणि कार्ड पुढच्या वर्षी बसवता येतं. नावाच्या शेवटी असलेलं एखादं अक्षर किती महत्त्वाचं असतं बघा! दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरच्या नावापुढे ‘एफ’ असेल, तर त्यात चित्र दाखवायची सोयच नसते. कार्ड घ्यावंच लागतं.

खरी ओढाताण झाली ती कार्डावरून. त्या पैशात दोन कार्डं येत होती. आरएक्स ६६०० गेमला जास्त वेगवान. आरटीएक्स ३०५० गेममध्ये मागे, पण ब्लेंडरमध्ये चित्र तयार करायच्या कामात पुढे. दोन्ही आठ जीबीची. तीन दिवस ही मुलगी गप्प होती. मीही काही बोलले नाही. चौथ्या दिवशी जेवताना म्हणाली, “आई, ३०५० घेते. गेम थोडा अडखळला तरी चालेल.” तिला काय करायचंय ते मला त्या वाक्यात कळलं. सासूबाईंना काही कळलं नाही, पण त्यांनी तिच्या पानात आणखी एक पोळी वाढली.

आमचे हे म्हणाले, सेकंडहँड कार्ड घे, निम्म्यात मिळेल. मिळतं खरं. पण २०२१ च्या सुमाराला आभासी चलन ‘खणण्यासाठी’ लोकांनी ही कार्डं रात्रंदिवस राबवली होती. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या चलनाचं असं खणणं बंद झालं आणि ती राबवलेली कार्डं बाजारात आली. कोणतं कार्ड किती राबलंय, ते वरून दिसत नाही. बिल नाही, वॉरंटी नाही. ते तिने बाजूला ठेवलं.

पॉवर सप्लायबद्दल मात्र माझं मत मी ठामपणे मांडलं. दुकानदार हमखास सांगतात, कॅबिनेटबरोबर एसएमपीएस फुकट! आमच्या एका बचत गटाने मसाला कांडपाचं यंत्र घेतलं होतं. विकणाऱ्याने आत ठरल्यापेक्षा हलकी मोटार बसवून दिली. बाहेरून यंत्र चकचकीत. दिवाळीच्या ऐन मोसमात मोटार जळाली आणि बायकांचा महिन्याभराचा धंदा बुडाला. तेव्हापासून जे दिसत नाही ते आधी विचारायचं, अशी मला सवयच लागलीय. पॉवर सप्लायचंही तसंच. भिंतीतली वीज तो कॉम्प्युटरला पेलेल अशी करून देतो. तो खराब निघाला, तर स्वतः जाताना इतरांनाही घेऊन जाऊ शकतो. तिचा प्रोसेसर ६५ वॉटचा, कार्ड १३० चं, बाकीचं धरून तीनशेच्या आत. तरी तिने ५५० वॉटचा, नावाजलेल्या कंपनीचा, पाच वर्षांच्या वॉरंटीचा घेतला. डब्यावरचं ‘८० प्लस’ हे वीज किती कमी वाया जाते त्याचं माप आहे, टिकाऊपणाचं नव्हे. म्हणून वॉरंटीची वर्षंही विचारायची.

जूनमधल्या एका शनिवारी आम्ही निघालो. डोंबिवलीहून दादर, तिथे गाडी बदलून ग्रँट रोड. लॅमिंग्टन रोडचं आता अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण लोक अजून लॅमिंग्टनच म्हणतात. रविवारी तिथली बहुतेक दुकानं बंद असतात, म्हणून शनिवार. सामान उचलायला माझा भाचा बरोबर. गटात तीन दरपत्रकांशिवाय आम्ही साधी शिलाई मशीनही घेत नाही, तेव्हा इथेही तीन दुकानांतून लेखी भाव घ्यायचे, हे घरूनच ठरवलं होतं.

तिन्ही दुकानांत एकच गंमत. यादी लेकीच्या हातात, प्रश्न लेकीचे, पण दुकानदार बोलायचा भाच्याशी! “बोलो बॉस, कौनसा गेम खेलते हो?” तो बिचारा कॉमर्सचा. त्याला माउस आणि कीबोर्ड यापलीकडे काही ठाऊक नाही. तो प्रत्येक वेळी म्हणायचा, “तिला विचारा.”

तिसऱ्या दुकानात भाव सगळ्यात कमी. माल काउंटरवर आला. लेकीने कार्डाचा खोका हातात घेतला, उलटा केला, मागचं बारीक अक्षर वाचलं आणि परत ठेवला. “हे सहा जीबीचं आहे. मी आठचं लिहिलंय.”

“वही है मॅडम, ३०५० ही है.”

“नाव तेच आहे. कार्ड तेच नाही. हे २०२४ मध्ये आलेलं, कमी ताकदीचं. भावही चार-पाच हजारांनी कमी आहे याचा.”

आवाज चढवला नव्हता, पण कापत होता थोडा. मला कळत होतं. तोंडाशी आलेलं वाक्य मी गिळलं. भाचा पुढे व्हायला लागला, त्याचा हात मी धरला. तिला एकटीलाच उभं राहू दिलं. दुकानदाराने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा भाच्याकडे. मग आत जाऊन आठवालं आणलं. आता मात्र भाव वाढला! लेकीने यादीची घडी केली, “थँक्यू” म्हणाली आणि पायऱ्या उतरली. दुसऱ्या दुकानात चारशे रुपये जास्त सांगितले होते. तिथे तिने बसून घासाघीस केली आणि साठ हजारांवर सौदा आणला.

जोडणी घरीच झाली, जेवणाच्या टेबलावर. सुरुवातीला धातूला हात लावायचा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. रॅमच्या चार खाचा असतील, तर बहुतेक बोर्डांवर दुसरी आणि चौथी. मॉनिटरची वायर मदरबोर्डाला नाही, कार्डाला. चार तास लागले. बारीक स्क्रू बसवताना दिसत नव्हतं, तेव्हा बॅटरी धरायला उभ्या राहिल्या त्या सासूबाई! विंडोजच्या परवान्याला पैसे उरले नव्हते, म्हणून तूर्त लिनक्स घातलं. ब्लेंडर त्यावर उत्तम चालतं, पुष्कळ गेमही चालतात. काही ऑनलाइन गेम चालत नाहीत, त्यावर तिची हरकत नव्हती. दुसऱ्या दिवशी हे ऑफिसातून येताना यूपीएस घेऊन आले. “वीज जाते-येते आपल्याकडे,” एवढंच म्हणाले. एक रुपयाचं काय झालं, ते मी विचारलं नाही.

ही यादी तुम्ही जशीच्या तशी उचलू नका. भाव फिरतात. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव असे काही कडाडले की आमच्या ३,२०० रुपयांत एक पट्टीही येईना. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या डेटा सेंटरना माल पुरवण्याकडे कारखाने वळले, हे त्याचं कारण. तेव्हा आधी रॅमचा आणि एसएसडीचा भाव विचारा आणि मग बाकीची यादी करा. काय चालवायचंय ते आधी कागदावर लिहा. खोक्यावरचं पूर्ण नाव वाचा. फुकटचा एसएमपीएस नाकारा. जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटी मागायला गेल्यावर तोच कामाला येतो.

आणि हो, बिल करताना दुकानदार नाव विचारेल. बरोबर आलेल्या पुरुषाकडे बघून विचारेल. ज्या मुलीचं यंत्र आहे, तिला स्वतःचं नाव सांगू द्या. स्पेलिंगसकट.