मूर्खपूरचा बखरकार

गोगोल आपल्या ओळखीचा. पु. ल. देशपांडे यांनी त्याच्या नाटकावरून ‘अंमलदार’ बेतलं आणि रशियातल्या आडगावचा तो घोटाळा मराठी रंगभूमीवर आला. मिखाईल सॉल्तिकोव्ह, टोपणनाव श्चेद्रिन, मात्र आपल्या वेशीबाहेरच राहिला. मला याचं नवल वाटतं. गोगोलने सरकारी कचेरी कारकुनाच्या जागेवरून पाहिली. याने ती साहेबाच्या खुर्चीत बसून पाहिली.

जन्म १८२६ चा, त्वेर प्रांतातल्या स्पास-उगोल गावचा. वडील जुन्या खानदानातले. आई ओल्गा मॉस्कोच्या व्यापाऱ्याची लेक, लग्नात पंधरा वर्षांची. पुढे जमीनजुमला आणि भूदास सगळं तिच्याच मुठीत आलं. पुश्किन जिथे शिकला त्याच शाळेतून हा १८४४ मध्ये बाहेर पडला आणि युद्धखात्याच्या कचेरीत चिकटला.

चार वर्षांनी त्याची एक गोष्ट छापून आली, ‘गुंतागुंतीचं प्रकरण’. तिच्यातल्या बेकार तरुणाला स्वप्न पडतं: माणसांवर माणसं रचून उभारलेला मनोरा, आणि तळाशी चेंगरून ओळखू न येणारं डोकं त्याचं स्वतःचं. एरवी हे खपूनही गेलं असतं. पण साल १८४८. पॅरिसात नुकतीच क्रांती झालेली आणि झार निकोलाय धास्तावलेला. सॉल्तिकोव्हला दूर व्यात्काला धाडलं. तुरुंगात नव्हे, तिथल्या सरकारी नोकरीतच. आपल्या भाषेत, शिक्षेची बदली. नक्कलनवीस म्हणून सुरुवात करून हा गडी दोन वर्षांत प्रांतिक सरकारचा सल्लागार झाला. साडेसात वर्षं चौकशा, दौरे, जबान्या. निकोलाय वारला तेव्हा कुठे सुटकेची वाट निघाली, तीही ओळखीने. कामानिमित्त व्यात्काला आलेल्या जनरल लान्स्कोय यांनी शब्द टाकला. पुश्किनच्या विधवेचे हे दुसरे पती. त्यांचे चुलतभाऊ गृहमंत्री.

परतल्यावर १८५६-५७ मध्ये ‘प्रांतिक शब्दचित्रं’ आली, लाचखाऊ कारकुनांनी आणि बेरकी दरोगांनी गजबजलेली. पुस्तक गाजलं. आणि सरकारने लेखकाला काय केलं? १८५८ मध्ये र्‍याझानचा उपगव्हर्नर! पुढे त्वेरला. भूदासांना छळणाऱ्या जमीनदारांवर त्याने खटले गुदरले, तेव्हा लोक त्याला ‘व्हाइस-रोबेस्पियर’ म्हणू लागले. नोकरी कायमची सुटली ती १८६८ मध्ये.

त्यानंतर लगेच ‘एका शहराचा इतिहास’ (१८६९-७०) आला. शहराचं नाव ग्लुपोव्ह, म्हणजे आपलं मूर्खपूरच. दप्तरखान्यात बखर सापडली आणि आपण ती फक्त छापतोय, असा लेखकाचा आव. एकवीस नगरप्रमुखांची यादी, प्रत्येकाच्या कारकिर्दीची नोंद, सगळं दप्तरी थाटात. त्यातला ब्रुदास्ती हा नगरप्रमुख दोनच घोषणा करतो: खपवून घेणार नाही आणि उद्ध्वस्त करीन. एका रात्री घड्याळजी बायबाकोव्हला गुपचूप बोलावणं येतं. नगरप्रमुखाचं डोकं धडापासून सुटतं! आत दोन तुकडे वाजवणारा छोटा ऑर्गन, तोही दमटपणाने बिघडलेला. नवं डोकं राजधानीहून मागवतात, तर ते वाटेत आणणाऱ्या पोऱ्यालाच चावतं. शेवटी हुबेहूब सारखे दोन नगरप्रमुख समोरासमोर येतात आणि एकमेकांना न्याहाळतात. लोक हळूहळू, मुकाट्याने पांगतात.

हे वाचताना मी मोठ्याने हसलो, मग थांबलो. बिनडोक साहेबाची चेष्टा कोणीही करील; इथे ते यंत्र बिघडलं की गावच कावरंबावरं होतं. बखरीच्या शेवटी येणारा नगरप्रमुख उग्र्यूम-बुर्चेयेव्ह सगळं सरळ रेषेत बसवायला शहर पाडतो आणि नदीही अडवू पाहतो. नदी ऐकत नाही. माणसं ऐकतात. समीक्षक सुवोरिनने आक्षेप घेतला की हा जनतेचीच टवाळी करतो. आरोप सरसकट खोटा नव्हे, पण जनतेने हे सोसावं कशाला, हा श्चेद्रिनचा सवाल सुवोरिनच्या हाती लागला नाही.

‘गोलोव्ल्योव्ह घराणं’ (१८८०) ही कादंबरी मला त्याहून भारी वाटते. तिथे कचेरी नाही, घर आहे. आईची करडी नजर लेखकाच्या स्वतःच्या घरातून आलेली. मुख्य खलनायक यूदुश्का, तोंडात अखंड देवाचं नाव. त्याचा मुलगा सरकारचे तीन हजार रुबल जुगारात हरून दारी येतो. बाप देवाधर्माचं बोलतो, पैसे देत नाही. मुलाला शिक्षा होते, तो मरतो. यूदुश्काची प्रार्थना चालूच.

कवी नेक्रासोव्हनंतर ‘ओतेचेस्त्वेन्निये झापिस्की’ या मासिकाचा तो संपादक झाला. सेन्सॉरच्या डोळ्यांत धूळ टाकायला प्राण्यांच्या गोष्टी, आडवळणं, अर्धी वाक्यं. या लिहिण्याला तो स्वतःच ‘ईसापाची भाषा’ म्हणे. शहाणा मासा जन्मभर बिळात थरथरत जगतो, ही गोष्ट त्यातलीच. एप्रिल १८८४ मध्ये सरकारने मासिकच बंद केलं. वाचकाशी बोलायची खिडकी मिटली, याचा घाव त्याला शेवटपर्यंत भरला नाही.

मे १८८९ मध्ये तो गेला. व्होल्कोव्हो दफनभूमीत, त्याच्या इच्छेप्रमाणे तुर्गेनेव्हच्या जवळ, त्याला पुरलं. मृत्यूपूर्वी नवं लेखन हाती घेतलं होतं. एके काळी रशियात सद्सद्विवेक, मायभूमी, माणुसकी असे शब्द होते, त्यांची आठवण करून द्यायची होती. नाव ठरलं होतं, ‘विसरलेले शब्द’. सुरुवातीपुरताच मजकूर लिहून झाला.