केडगावची श्रद्धा

देवाने प्रत्येक माणसाला आपल्या प्रतिमेत घडवले, आणि भुकेल्याला जेवू घालणे म्हणजे खुद्द ख्रिस्ताचीच सेवा, ही ख्रिस्ती श्रद्धेची पायाभूत शिकवण. ती केवळ रविवारच्या उपासनेपुरती ठेवायची नसते. रोजच्या जगण्यात ती कशी उतरते, हे पाहायचे तर पुणे जिल्ह्यातल्या केडगावला जावे.

तिथे ही शिकवण जगण्यात उतरवली पंडिता रमाबाईंनी. त्यांनी 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले. पुढे 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार बालविधवा व मुलींना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगावला मुक्ती सदन उभे राहिले.

तिथे प्रार्थना आणि काम वेगळे नव्हते. सकाळी प्रार्थनेसाठी जोडलेले हातच पुढे शेतात, मागावर, स्वयंपाकघरात राबत. अंध मुली ब्रेल लिपी शिकत. छापखान्यात बायका एकेक खिळा उचलून ओळ जुळवत. कालपर्यंत जिला अपशकुनी म्हणून बाजूला सारले होते, तिच्या हातून आता शास्त्राची पाने छापून निघत होती! साध्या बाईलाही समजावे म्हणून रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सोप्या मराठीत बायबलचे भाषांतर केले. 1922 मध्ये निधन होईपर्यंत त्या त्याच कामात होत्या.

श्रद्धा खरी की नाही, हे अखेर आपल्या पंगतीत कोणाला जागा मिळते यावरूनच कळते.