४९५ ला गाडी का थांबते?

वर्गातील प्रत्येक मुलाला तीन अंकी एक संख्या लिहायला सांगा. तिन्ही अंक सारखे नकोत, एवढीच अट. त्या अंकांपासून होणाऱ्या सर्वांत मोठ्या संख्येतून सर्वांत लहान संख्या वजा करायची आणि येणाऱ्या उत्तरावर पुन्हा तीच क्रिया करायची. समजा, ३५२ घेतली :

५३२ − २३५ = २९७
९७२ − २७९ = ६९३
९६३ − ३६९ = ५९४
९५४ − ४५९ = ४९५

यापुढे कितीही वेळा वजाबाकी केली तरी ४९५ च येते. (मध्येच ९९ आले तर ते ०९९ असे लिहावे.) सगळ्या वर्गाचे उत्तर एकच आलेले पाहून मुले चकित होतात.

चार अंकी संख्यांमध्ये हाच मान ६१७४ चा आहे. तो 'कापरेकर स्थिरांक' म्हणून जगभर ओळखला जातो. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत तो मांडला. बोईसरहून गाडीने उत्तरेला निघाले की वाणगावनंतर डहाणू रोड येते. त्या डहाणूत १७ जानेवारी १९०५ रोजी कापरेकरांचा जन्म झाला. तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेले डहाणू २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. कापरेकर विद्यापीठातील प्राध्यापक नव्हते. नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत ते १९३० ते १९६२ पर्यंत शिक्षक होते.

आता कारण शोधू. पन्नास मुलांचे उत्तर ४९५ आले म्हणून एक्कावन्नाव्याचेही येईलच, असे म्हणता येत नाही. इथे बीजगणित मदतीला येते. सर्वांत मोठा अंक अ, मधला ब आणि लहान क मानू.

(१००अ + १०ब + क) − (१००क + १०ब + अ) = ९९(अ − क)

पाहा, मधला अंक ब गळून पडला! अ − क ला म म्हणू. म ची किंमत १ ते ९ एवढीच असू शकते. म्हणजे १०० ते ९९९ मधील ८९१ संख्यांपैकी कोणतीही घ्या, पहिल्या वजाबाकीनंतर नऊच उत्तरे शक्य आहेत : ०९९, १९८, २९७, … ८९१.

९९म म्हणजे १००म − म. म्हणून तिचे अंक अनुक्रमे म − १, ९ आणि १० − म असतात. यांतील सर्वांत मोठा अंक ९. म्हणून पुढच्या वेळचा म काढायचा तर ९ मधून टोकाच्या दोन अंकांपैकी लहान अंक वजा करायचा. तसे केल्यावर १ वरून ९, मग ८, ७, ६ आणि शेवटी ५. तसेच २ वरून ८, ३ वरून ७, ४ वरून ६. आणि ५ वरून पुन्हा ५! ९९ × ५ = ४९५. जास्तीत जास्त सहा वजाबाक्यांत प्रत्येक संख्या येथे पोहोचते. नऊ संख्या तपासल्या आणि सिद्धता पूर्ण झाली.

दोन अंकी संख्यांना मात्र असा मुक्काम नाही. तेथे ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९ असे चक्र फिरत राहते. हे मुलांना अवश्य करू द्यावे. केवळ उदाहरणांवर विसंबून नियम का सांगू नये, हे त्यातून आपोआप कळते.

कारण कळले की नवी करामतही रचता येते. पहिल्या वजाबाकीचे उत्तर मुलाने गुप्त ठेवावे व फक्त एकक स्थानचा अंक सांगावा. तो ४ असेल तर मधला ९ ठरलेलाच आणि शतक स्थानी ९ − ४ = ५. उत्तर ५९४!

आता एक प्रश्न वर्गासाठी. हेच तीन अंकी उत्तर उलटे लिहून मूळ उत्तरात मिळवले तर काय येईल? ते नेहमी तेच का येते? उत्तर मुलांना म − १, ९ आणि १० − म या अंकांवरूनच काढू द्यावे.